वायर सोलण्याचे गद्य

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यानंतर उपनगरांतील महाविद्यालयांत जे समारंभ झाले, त्यांपैकी दोन-तीन व्यासपीठांवर मीही बसलो होतो. गाथासप्तशती, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी हा क्रम आता वक्त्यांना आणि श्रोत्यांनाही पाठ झाला आहे. त्या समारंभांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका चतकोर पत्रकाविषयी, आणि त्या पत्रकाच्या निमित्ताने आपणा मराठीच्या अध्यापकांविषयी.

प्रसंग अगदी क्षुल्लक आहे. मुलुंडच्या आमच्या घरी दिवाणखान्यात उपग्रह वाहिन्यांचा एक सेटटॉप बॉक्स होता. आतल्या खोलीतल्या टीव्हीसाठी, म्हणजे आईसाठी, दुसरा मागवला. बॉक्स आला, तो जोडणारा तंत्रज्ञ मात्र तीन तारखा देऊनही आला नाही. तेव्हा हे काम आपणच करावे असे ठरवून मी बॉक्ससोबतचे पत्रक उघडले. ते इंग्रजीत होते आणि हिंदीत होते. मराठीत नव्हते. इथपर्यंतची कथा मुंबईत कोणालाही नवी नाही आणि तिच्यावर संतापाचे अग्रलेखही पुष्कळ होऊन गेले आहेत. पुढची गोष्ट मला अधिक लाजिरवाणी वाटते. आईने विचारले, “यात लिहिलंय तरी काय?” मी इंग्रजी मजकूर वाचला होता, तो मला समजलाही होता. सांगायला तोंड उघडले आणि बाहेर पडले ते असे: “कोॲक्सियल केबलचा एंड स्ट्रिप करून कनेक्टर फिक्स करायचा.”

“म्हणजे वायर सोलायची, असंच ना रे?” आई म्हणाली.

वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला ‘सोलणे’ हे क्रियापद त्या क्षणी सुचले नाही. ते सुचले जिने आयुष्यभर लसूण, वाल आणि शेंगा सोलल्या तिला. या गोष्टीवर मी बराच विचार केला आहे आणि माझे मत असे झाले आहे की मराठीत तंत्राचे लेखन होत नाही याचे खापर आपण नेहमी चुकीच्या डोक्यावर फोडतो.

सामान्य समजूत अशी की मराठीत शब्द नाहीत. हे सपशेल खोटे आहे. शब्द दोन-दोन तऱ्हांचे आहेत. विश्वकोशाने फ्रीक्वेन्सीला ‘कंप्रता’ दिली, पोलरायझेशनला ‘ध्रुवण’ दिले. भाषा संचालनालयाने कोशांमागून कोश काढले. दुसऱ्या बाजूला वायरमनच्या तोंडी सोलणे, दुमडणे, पिळणे, आवळणे, ओवणे ही क्रियापदे आहेतच. पण कोशकारांनी नामे घडवली आणि तिथेच हात टेकले. नुसत्या नामांनी वायर जोडली जात नाही. वायर जोडायला वाक्य लागते, आणि असे वाक्य लिहिण्याचे काम ज्यांचे होते त्या आपण मंडळींनी ते हलके मानले.

हे वाक्य मराठीला अवघड आहे का, हे पाहण्यासाठी मी तोच मजकूर मराठीत मांडून पाहतो. डिश स्वतः काही पाहत नाही. उपग्रहाकडून आलेल्या क्षीण लहरी ती फक्त एका जागी गोळा करते. त्या जागी, दांडीच्या टोकाला, जे बोंडासारखे यंत्र असते ते एलएनबी. ते लहरींना बळ देते आणि त्यांची कंप्रता केबलमधून उतरू शकेल इतकी खाली आणते, म्हणजे दहा-बारा गिगाहर्ट्झवरून साधारण एक ते दोन गिगाहर्ट्झपर्यंत. लहरी येतात दोन ध्रुवणांत, उभ्या आणि आडव्या. बॉक्सला उभ्या हव्या असल्या तर तो त्याच केबलमधून वर १३ व्होल्ट पाठवतो, आडव्या हव्या असल्या तर १८. एलएनबी निमूट ऐकते. (दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तही आज्ञार्थाचे इतके निःसंदिग्ध उदाहरण सापडणार नाही.) आता एका तोंडाच्या एलएनबीवर साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स जोडले की एकाच मार्गाने दोन हुकूम जातात. त्यांत १८ चा वरचढ ठरतो, आणि १३ मागणाऱ्या खोलीतल्या वाहिन्या नाहीशा होतात.

माझे पहिल्या दिवशी हेच झाले. स्टेशनजवळच्या दुकानातून मी हौसेने स्प्लिटर आणला होता. दिवाणखान्यात क्रिकेट लागले की आत आईची मालिका काळी व्हायची आणि क्रिकेट बंद केले की परत यायची. आईची समजूत झाली की हे मी मुद्दाम करतो आहे. सगळ्या वाहिन्या एकाच ध्रुवणावर असत्या तर स्प्लिटरने भागलेही असते. आमच्या त्या दोन्हींवर वाटलेल्या होत्या. उपाय दोन तोंडांच्या एलएनबीचा, आणि तिथून प्रत्येक खोलीपर्यंत स्वतंत्र केबलचा.

मग कृती: “दोन्ही बॉक्सचे बटण भिंतीशी बंद करावे. केबलचे बाहेरचे साल अर्ध्या पेराएवढे सोलावे. आतली जाळी मागे दुमडावी. तिचा एक केससुद्धा मधल्या तारेला शिवू देऊ नये, शिवल्यास शॉर्ट होते. मग पांढरे आवरण कापून मधली तार मोकळी करावी. कनेक्टर पिळून बसवावा; तार त्याच्या तोंडातून ज्वारीच्या दाण्याएवढी बाहेर दिसावी. डिशला धक्का लावू नये. डिश खिडकीच्या ग्रिलबाहेर असल्यास हे काम आपले नव्हे, तंत्रज्ञाचीच वाट पाहावी.” आमची डिश सुदैवाने गच्चीवर, कठड्याच्या आत आहे. तिथे सोसायटीच्या साऱ्या डिश आग्नेयेकडे तोंड करून उभ्या असतात.

या परिच्छेदात अवघड काय आहे? ‘सोलावे, दुमडावी, पिळून बसवावा’ हा विध्यर्थ आहे आणि मराठी घरांत तो अत्यंत सरावाचा आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. वाटी-चमच्याच्या मापांनी, एकटीने वाचून एकटीला करता येईल अशा क्रमाने ते पुस्तक लिहिलेले आहे. निर्देशाच्या गद्याचा इतका यशस्वी मराठी नमुना दुसरा नाही असे मी म्हणेन. आपल्या गद्याच्या इतिहासात त्याला किती ओळी मिळतात, हे प्रत्येकाने आपापल्या कपाटातील संदर्भग्रंथ उघडून पाहावे. आपण निबंधाला गद्य म्हणतो, ललित लेखाला म्हणतो, चरित्राला म्हणतो. ज्यावाचून घरातला एक दिवस जात नाही त्याला म्हणत नाही.

आणि ही अभिरुची सनातन आहे असेही नाही. ज्या ‘किर्लोस्कर’ मासिकाचे वाङ्मयीन कर्तृत्व आपण शिकवतो, ते १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघाले ते एका नांगराच्या कारखान्याचे पत्र म्हणून. लोखंड आणि लेखन एकाच वाडीत नांदू शकत होते. त्यांची ताटातूट पुढच्या पिढ्यांनी केली, आणि त्या ताटातुटीला आपण वाङ्मयीनता असे भारदस्त नाव दिले. हातांनी काम करणाऱ्याची भाषा ती ‘बोली’ आणि बसून बोलणाऱ्याची ती ‘भाषा’, हा भेद त्यातूनच पक्का झाला. तो निव्वळ अभिरुचीचा आहे असे मला वाटत नाही. वायरमनला आपण घरात कुठल्या पेल्यातून पाणी देतो, त्याच्याशीही त्याचा संबंध आहे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्यानंतरची कित्येक वर्षे उपनगरांतल्या गच्च्यांवर एक मौखिक निर्देशवाङ्मय नांदत होते. वर एक जण अँटेना धरून उभा, खाली खिडकीत दुसरा. “आलं का?” “मुंग्या आहेत अजून!” “आता?” “थोडं डावीकडे... फार झालं, मागे घे!” माझ्या लहानपणी हे मी स्वतः केले आहे. तो सारा व्यवहार मराठीत होई, गुजराती शेजाऱ्याशीसुद्धा मोडक्या मराठीत होई. अँटेना गेली, केबलवाला आला. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीनंतर मुंबईत केबललाही सेटटॉप बॉक्स अनिवार्य झाला. यंत्रासोबत छापील पत्रक आले आणि गच्चीवरची मराठी पत्रकात काही उतरली नाही. उतरवायला कोणी बसलेच नव्हते.

यावर एका सहकाऱ्यांनी मला ऐकवले, की हे काम कंपन्यांचे आहे, विद्यापीठाचे नव्हे. कंपन्यांनी मराठी पत्रक दिलेच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण उद्या त्यांनी ते द्यायचे ठरवले तर लिहिणार कोण? मी शिकवलेल्या ‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत अर्ज होता, इतिवृत्त होते, जाहिरात होती, वृत्तलेखन होते. एखादी कृती परक्या माणसाला समजेल अशी सांगणे कुठेच नव्हते. मग पत्रक यंत्राकडून भाषांतरित होते, आणि त्यातली वाक्ये वाचून आपण समाजमाध्यमांवर हसतो.

गेल्या सत्रात द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी वरच्या कृतीचा स्वाध्याय दिला. अट एकच: घरातल्या कोणीतरी तो वाचून, न विचारता, केबलच्या तुकड्यावर कनेक्टर बसवून दाखवावा. पहिल्या खेपेला बहुतेकांचे लेखन नापास झाले, माझ्या हाती नव्हे, आयांच्या आणि आजोबांच्या हाती. ‘आवळावे’ की ‘घट्ट करावे’ यावर अर्धा तास वाद झाला आणि ‘आवळावे’ जिंकले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने, ज्याने वर्षभरात तोंड उघडले नव्हते, एक दुरुस्ती सुचवली: “हाताने आवळावे, पान्याने नको, आटे जातात.” त्याचे वडील भांडुपला इलेक्ट्रिकची कामे करतात, हे आम्हा सर्वांना त्या दिवशी कळले. ‘आटे’ हा शब्द वर्गातल्या निम्म्यांनी वहीत लिहून घेतला, आणि मीही.