उधारीची वही आणि बँकेचा मेसेज

घरखर्च : दर महिन्याचे सदर

एका बहिणीचे पत्र आले आहे. मुलाच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा बँकेने न विचारता निम्म्याहून कमी केली. मुलाने एकही हप्ता चुकवलेला नाही. घरात आजारपण आहे, आणि "वेळ आली तर कार्ड आहेच" या भरवशावर सगळे होते. ही बहीण विचारते, आमचे काय चुकले आणि आता काय करायचे?

उत्तर लिहायला बसलो आणि मला २०२० चा रमजान आठवला. त्या वर्षी बँकेने आमच्या घरातल्या एका मुलाशी असेच केले होते. आणि खरे सांगायचे तर मीही माझ्या गिऱ्हाइकांशी तेच केले होते. दोन्ही गोष्टी सांगतो.

जयगडला आमचे किराणा दुकान आहे. आता मुलगा बघतो, तेव्हा मी बसत असे. आमच्याकडे अर्धे गाव समुद्रावर जगते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, घरात पैसा नाही. या दिवसांत चूल पेटते ती दुकानाच्या वहीवर. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की हळूहळू बाकी फिटते. ज्या घरांत माणूस जहाजावर किंवा आखातात, तिथे मनीऑर्डरच्या काळापासून हीच पद्धत. पैसे आले की वहीवर काट मारायची. माझ्या वडिलांनी अशीच वही चालवली आणि मीही.

२०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला. मासळीला बाजार नाही, बर्फ नाही, गाड्या नाहीत. पावसाळ्यातली तंगी यंदा दोन महिने आधीच आली. रत्नागिरीच्या घाऊक व्यापाऱ्याने मला फोनवर सांगितले, माल हवा तर रोख. जो व्यापारी मला महिन्याची मुदत देत असे, त्याने ती एका फोनवर काढून घेतली. मी घाबरलो.

रमजानला दोन दिवस उरले होते. एक बाई सामान न्यायला आली. नवरा खलाशी, होडी बंद. तिने तेल, साखर, बेसन, खजूर बाजूला काढले. दुकानात आणखी तीन-चार माणसे उभी होती. वही उघडण्याआधीच मी म्हणालो, "आता उधारी बंद. रोख असेल तर न्या." ती काहीच बोलली नाही. ओढणीच्या गाठीतून पैसे काढून खजुराचे तेवढे दिले आणि बाकी सामान फळीवर तसेच ठेवून गेली. अकरा वर्षांत तिच्या घरची बाकी एकदाही बुडाली नव्हती.

त्याच आठवड्यात माझा भाचा घरी आला. तो प्रवासी जहाजावर कामाला. सुटीवर आला होता, तेवढ्यात जहाजे थांबली आणि पगारही थांबला. त्याच्या कार्डाची मर्यादा दोन लाख होती, त्यातले ७४,००० वापरलेले. घराचे छप्पर आणि आईचे ऑपरेशन यांतच ते गेले होते. बँकेचा मेसेज आला, मर्यादा आता ८०,०००. म्हणजे काल हाताशी १,२६,००० होते, आज ६,०००.

"मामू, मी एक तारीख चुकवलेली नाही. मग मलाच का?"

मी त्याला समजावले, "बँक घाबरली आहे रे. तुझ्यावर तिचा राग नाही." बोलताना मला फळीवर राहिलेले सामान आठवले आणि पुढे शब्द सुचेना.

बँक का घाबरते, ते आधी समजून घेऊ. कार्डाच्या मागे तारण नसते. घर नाही, सोने नाही, फक्त तुमच्या पगारावरचा विश्वास असतो. नोकऱ्या जाऊ लागल्या की हेच कर्ज सर्वांत आधी बुडते. त्या वर्षी काही खाजगी बँकांनी मोठ्या प्रमाणावर मर्यादा कापल्या. त्यात जहाज, हॉटेल, विमान, पर्यटन अशा धंद्यांतले नोकरदार होते, कार्ड काठोकाठ वापरणारे होते आणि अजिबात न वापरणारेही होते. मंदी नसतानाही असे होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तारण नसलेल्या कर्जांबाबतचे नियम कडक केले आणि कार्डांच्या येण्यावर बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावले. साहजिकच बँका हात आखडता घेतात. तेव्हा बहिणीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की तुमच्या मुलाचे काही चुकलेले असेलच असे नाही.

पण घराची एक चूक होते आणि ती आमच्याही घरात झाली होती. मर्यादेला आम्ही शिल्लक समजत होतो. दोन लाखांची मर्यादा म्हणजे अडीअडचणीचे दोन लाख, असे बाजीही म्हणत असे. ते पैसे आपले कधीच नव्हते. देणाऱ्याचा धीर असेपर्यंत ते दिसतात. आणि सगळ्यांवर वेळ येते नेमकी तेव्हाच त्याचा धीर सुटतो.

आता हिशोब. भाच्याच्या कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के व्याज होते. ७४,००० वर एका महिन्याचे २,५९० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४६६. एकूण ३,०५६. बिलावर "किमान रक्कम" म्हणून पाच टक्के, ३,७०० लिहिलेले असत. भाचा ते नेमाने भरत होता आणि आपण कर्ज फेडतो आहोत असे समजत होता. प्रत्यक्षात मुद्दल कमी होत होते ६४४ रुपयांनी. शिवाय बिल पूर्ण भरले नाही की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, ते वेगळेच.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली होती. आधी मार्च ते मे, मग ऑगस्टअखेरपर्यंत. कार्डालाही ती लागू होती. भाचा म्हणाला, "मग आता भरायचेच कशाला?" मी पेन्सिल घेऊन बसलो. तीन महिने काही भरले नाही तर साडेनऊ हजारांच्या आसपास वाढत होते. सवलत हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. पुढे सरकारने व्याजावरच्या व्याजाचा फरक परत दिला, पण मूळ व्याज ज्याचे त्यालाच भरावे लागले. ज्यांच्या घरात दाणाही नव्हता त्यांनी सवलत घेतली, त्यांना दोष नाही. आम्ही जमेल तसे भरत राहिलो.

भाच्याच्या बायकोने आपल्या बांगड्या पुढे केल्या. मेहरचे सोने. मी तिला म्हटले, हे तुझे आहे, नवऱ्याच्या कर्जाला ते द्यायला तू बांधील नाहीस. ती म्हणाली, "मामू, देते, पण कर्ज म्हणून. लिहून द्या." मला तिचे कौतुक वाटले. मात्र सराफांची दुकाने बंद होती, त्यामुळे बांगड्या हातातच राहिल्या.

मग जूनमध्ये सौदी सरकारने जाहीर केले की त्या वर्षी बाहेरच्या देशांतून कोणालाही हजला येता येणार नाही. माझा आणि बायकोचा नंबर लागला होता. भरलेली रक्कम परत मिळाली. पैसे हातात आले त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोललो. ती रक्कम आम्ही वर्षानुवर्षे बाजूला काढली होती. भाच्याला दिली आणि ती आली नाही, तर आमचे काय? बायको म्हणाली, "हज तर अल्लाहने पुढे ढकलला आहे. तोपर्यंत पैसे पेटीत राहून काय करतील?"

तोपर्यंत कार्डावर ७२,००० उरले होते. ते आम्ही एकदम भरले आणि भाच्याला ही रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून दिली. व्याज नाही, पण कागद केला. रक्कम, तारीख, महिन्याला ३,०००, दोन साक्षीदार. घरातल्या घरात कागद कशाला, असे बाजीला वाटले. मी म्हटले, कर्ज लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनमध्ये ज्या आयतीत आहे ती सर्वांत लांब आयत आहे. आपण मात्र भावाला लाख रुपये तोंडी देतो आणि मग वर्षानुवर्षे बोलणे टाकतो. त्याच सूरह बकरामध्ये अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याचाही आदेश आहे. दोन्ही एकत्र पाळायचे. लिहायचेही आणि सवडही द्यायची.

आता तेच ३,००० रुपये भाच्याने बँकेला भरले असते तर? ७२,००० वर महिन्याचे व्याज २,५२०, जीएसटी ४५४, मिळून २,९७४. पहिल्या महिन्यात मुद्दल कमी झाले असते २६ रुपयांनी. हा आकडा मी भाच्याच्या बायकोला दाखवला, तेव्हा तिने तो पुन्हा मांडून पाहिला. आमच्याकडे तेच ३,००० चोवीस महिन्यांत सगळे कर्ज फेडत होते. मधल्या काही महिन्यांत त्याला हजारच देता आले. तो गावात मिळेल ते काम करत होता, टेम्पोवरही जात होता. २०२१ च्या शेवटी जहाजाने परत बोलावले आणि २०२२ च्या रमजानमध्ये शेवटचे पैसे आले. कागद त्याच्यासमोर फाडला. २०२३ मध्ये आम्ही हजला जाऊन आलो, अल्हम्दुलिल्लाह.

प्रत्येक घरात हजचे पैसे नसतात, हे मला माहीत आहे. म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी काय करावे, ते क्रमाने सांगतो.

पहिले, कार्डाला जोडलेली आपोआप जाणारी बिले तपासा. विमा, वीज, मोबाइल. मर्यादा कमी झाली की ती अडकतात आणि विमा बंद पडल्याचे दवाखान्यात कळते. ती बचत खात्याला जोडा.

दुसरे, बँकेला लेखी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे तुमच्या संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. कमी करता येते, पण तसे तुम्हाला कळवावे लागते. कळवलेच नसेल तर तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला खर्च नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तिसरे, आपला क्रेडिट अहवाल मागवा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कधी दुसऱ्याचेच थकलेले कर्ज आपल्या नावावर निघते. शिवाय मर्यादा घटली की वापराचे प्रमाण आपोआप वाढते. भाचा दोन लाखांपैकी ३७ टक्के वापरत होता. एका मेसेजनंतर तेच ९२ टक्क्यांच्या वर गेले, एक रुपयाही जास्त खर्च न करता. याने गुण खाली येतात. घाबरू नका, बाकी कमी झाली की ते सुधारतात.

चौथे, एका कार्डाचे भरायला दुसऱ्यावरून रोख काढू नका. रोख रकमेवर त्याच दिवसापासून व्याज आणि वर शुल्क. मोबाइलवर दहा मिनिटांत कर्ज देणाऱ्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. भरणे खरेच अशक्य असेल तर तारीख उलटण्याआधी बँकेशी बोला आणि ठरेल ते लेखी घ्या. "सेटलमेंट" केली तर तसा शेरा अहवालात राहतो, हे माहीत असू द्या.

पाचवे, कार्ड बंद करायचे ठरवले तर सगळी बाकी भरून अर्ज करा. बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे, नाहीतर पुढे दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. कार्ड वेळेवर पूर्ण भरून वापरावे की ठेवूच नये, याबद्दल उलमांची मते वेगवेगळी आहेत. आपल्या आलिमांना विचारा. पण थकवून व्याज भरत राहणे, याबद्दल मतभेद नाही.

सहावे, घरात सांगा. भाच्याने ७४,००० चा आकडा आईपासून लपवला होता. कळले तेव्हा ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच खर्चाची यादी केली. आणि नातेवाइकांनो, जकात ज्या आठ जणांना देता येते त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. रमजानमध्ये यादी करताना आपल्याच मोहल्ल्यातला, नीट कपडे घालून फिरणारा असा कोणी आहे का, ते बघा. तो मागायला येणार नाही.

राहिली ती बाई. रमजानच्या पहिल्या रोजाला मगरिबनंतर मी आणि बायको सामान घेऊन तिच्या घरी गेलो. मी माफी मागितली. नंतर उधारी पूर्ण बंद न करता प्रत्येक घराला महिन्याची एक रक्कम ठरवून दिली. तांदूळ, पीठ, तेल, डाळ एवढेच, आणि ज्याला त्याला एकटे गाठून, माझी अडचण सांगून. बहुतेकांनी समजून घेतले. तिनेही चहा दिला, माफ केले म्हणाली, आणि आणलेल्या सामानाचे पैसे ऑगस्टमध्ये पै-पैसह दिले. पण त्यानंतर तिने आमच्या वहीत नाव लिहू दिले नाही. आजही रोखच नेते.

बहिणीला एवढेच सांगतो की बँकेचा मेसेज घेऊन मुलगा तुमच्यासमोर बसला असेल तर आधी त्याला जेवायला घाला. मग कागद-पेन्सिल घ्या आणि व्याज वेगळे, मुद्दल वेगळे मांडा. आकडे पाठवलेत तर पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, नाव न छापता आपण मिळून हिशोब करू.