डिजिटल कथाकथन आणि लेखी स्वाध्याय

साहित्याच्या अध्यापनात लेखी स्वाध्यायाची जागा डिजिटल कथाकथनाने घ्यावी काय, हा प्रश्न अलीकडे वारंवार उपस्थित केला जातो. एकीकडे निबंध कालबाह्य ठरवला जातो, तर दुसरीकडे चित्रफितीला करमणूक म्हणून हिणवले जाते. या दोन प्रकारांत विद्यार्थ्याला कोणते बौद्धिक श्रम करावे लागतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

डिजिटल कथाकथन ही संज्ञा आपल्याकडे सैलपणे वापरली जाते. जो लॅम्बर्ट, डाना अ‍ॅचली आणि निना मलेन यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केलेल्या केंद्रात ही पद्धती आकाराला आली. तीत सहभागी व्यक्ती स्वानुभवावर साधारण तीनशे शब्दांची संहिता लिहिते, सहकाऱ्यांच्या वर्तुळात ती मोठ्याने वाचते, त्यांचा प्रतिसाद ऐकून तिची पुन्हा मांडणी करते. त्यानंतर ती स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित होऊन तिला छायाचित्रांची जोड मिळते. तात्पर्य, या प्रकाराच्या मुळाशी लेखन, किंबहुना पुनर्लेखन आहे. आपल्या लेखी स्वाध्यायात नेमकी याचीच उणीव आहे. वही तपासली, गुण दिले, की विषय संपतो. मार्गदर्शिकांतून उतरवलेली उत्तरे ही जुनीच व्याधी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यापासून ती अधिक सफाईदार झाली आहे, इतकेच.

दुसरा मुद्दा आवाजाचा. चित्र दाखवीत कथा सांगण्याची रीत आपल्याला परकी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत ती आजही टिकून आहे. प्रमाणभाषेच्या धास्तीने निबंधात निर्जीव वाक्ये लिहिणारा मालवणी, अहिराणी वा वऱ्हाडी भाषक विद्यार्थी निवेदन करताना आपल्या बोलीची लय सहज आणू शकतो. हा लाभ भाषेच्या विभागाने तरी क्षुल्लक मानू नये.

तथापि निबंधाचे एक कार्य चित्रफितीकडून होणे कठीण आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) वाचून एखादा विद्यार्थी वसतिगृहातील एकाकीपणाची परिणामकारक चित्रफीत करील. परंतु पांडुरंग सांगवीकर हा निवेदक स्वतःकडेही उपरोधाने पाहतो, हे मत पुराव्यानिशी मांडून त्यावरील आक्षेपांचे निरसन करायचे, तर ‘जरी’, ‘तरी’, ‘म्हणून’, ‘याउलट’ यांनी सांधलेली वाक्येच हवीत. प्रतिमा अनुभव समोर ठेवते. त्याविषयीचा युक्तिवाद वाक्याला पेलावा लागतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याची ही क्षमता क्षीण झाली, तर समीक्षेचा पायाच खचेल.

म्हणून एकाच साहित्यकृतीवर प्रथम ध्वनिमुद्रित कथन आणि नंतर निबंध, असा दुहेरी स्वाध्याय द्यावा, असे सुचवावेसे वाटते. माध्यम बदलताना काय गळले आणि कशाची भर पडली, याचे टिपणही विद्यार्थ्याने जोडावे. गुण संहितेच्या पहिल्या व सुधारित खर्ड्यांना आणि वर्गातील चर्चेला द्यावेत. चित्रफितीच्या झगमगाटाला देऊ नयेत. अन्यथा ज्याच्या हाती महागडा भ्रमणध्वनी, तोच उत्तम कथक ठरेल आणि विषमतेला मूल्यमापनाचे अधिष्ठान मिळेल.

या योजनेत अध्यापकाचे काम निश्चितच वाढते, कारण एकेक खर्डा दोनदा वाचावा लागतो. मोठ्या वर्गांत ते सोपे नाही. म्हणून सत्रात असा एकच स्वाध्याय ठेवावा. घाईने तपासलेल्या चार वह्यांपेक्षा त्यातून विद्यार्थी लेखनाविषयी अधिक शिकेल.