शब्दविचार : गौप्यस्फोट

हल्लीं कोणी पुढाऱ्यानें कोणावर कांहींहि आळ घेतला, तरी वर्तमानपत्राच्या मथळ्यांत 'गौप्यस्फोट' झळकतो. हें आम्हांस चिंत्य वाटतें. संस्कृतांत 'गुप्' म्हणजे राखणें, झांकून ठेवणें. जें तसें ठेवावयाचें तें गोप्य. मराठींत 'गौप्य' रूढ झालें, असो. 'स्फुट्' म्हणजे फुटणें, उमलणें. तेव्हां जें खरें असून झांकलेलें होतें, त्याचाच स्फोट संभवतो. जें सिद्धच झालें नाहीं, तो नुसता आरोप.

घरगुती बोलीनें हा विवेक अधिक जपला आहे. तींत गुपित फुटतें, बिंग फुटतें, परीक्षेचा पेपरहि फुटतो. परंतु गुपित निर्दोष असूं शकतें, बिंगांत मात्र लबाडी गृहीतच असते. सुनेच्या वडिलांनीं लग्नापायीं कर्ज काढल्याचें सासरीं समजलें, कीं "अखेर बिंग फुटलें!" असें माजघरांत सहज म्हटलें जातें. त्या गृहस्थांनीं फसविलें कोणास? फार तर हातची तंगी झांकली. एका शब्दानें व्याह्यास ठक ठरविलें, आणि तें ऐकावें लागलें त्या मुलीस. आमच्या वाचकभगिनींनीं अशा वेळीं नुसतें 'कळलें' म्हणावें, तेवढें पुरे.