सुट्टी एक दिवसाची, समुद्र भरती-ओहोटीचा

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातून कोकण किनाऱ्याकडे धावणाऱ्या वाहनांची संख्या गेल्या दोन दशकांत किती वाढली आहे, याचा अंदाज दिवेआगर किंवा काशीदच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या 'एमएच १४' क्रमांकाच्या गाड्यांवरून सहज येतो. कासारवाडीचा नाशिक फाटा हे या प्रवासाचे सोयीचे ठिकाण. जुना मुंबई-पुणे महामार्ग, नाशिक रस्ता, लोहमार्ग आणि मेट्रो येथे जवळजवळ येतात. वल्लभनगरचे एसटी स्थानकही हाकेच्या अंतरावर आहे. कंपनीच्या एखाद्या विभागातील दहा-पंधरा जण, भाड्याची टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक मुक्काम, असा या सहलीचा साचा ठरून गेला आहे. खोली कोणती, सुरमई की पापलेट, रात्री बसायचे कुठे, याची चर्चा आठवडाभर रंगते. मात्र ज्यांवर साऱ्या सहलीची सुरक्षितता अवलंबून असते, त्या दोन गोष्टी या चर्चेत बहुधा नसतातच. एक समुद्राच्या भरती-ओहोटीची वेळ आणि दुसरी, चालकाच्या झोपेची.

यामागे निव्वळ बेफिकिरी आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुळात या पट्ट्यातील कामगाराच्या हाती वेळच तुटपुंजा असतो. विजेच्या नियोजनातून रूढ झालेली गुरुवारची साप्ताहिक सुट्टी आजही येथील अनेक कारखान्यांत पाळली जाते. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांना शनिवार-रविवार मिळतो. एक दिवस वाचवायचा म्हणून दुसरी पाळी संपताच मध्यरात्री निघायचे, पहाटे किनारा गाठायचा आणि परतताना पहिल्या पाळीच्या आत हजर व्हायचे, हे गणित कागदावर चोख दिसते. कासारवाडी ते दिवेआगर हे अंतर ताम्हिणी घाटाने सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे साडेचार ते पाच तासांचे. तारकर्ली चारशेच्या घरात आणि गोवा त्याहून पुढे. एका मुक्कामात गोवा 'उरकण्याचा' हट्ट धरला, तर सुट्टीतील निम्म्याहून अधिक वेळ रस्त्यावरच जातो, हे साधे गुणोत्तर अनेकांच्या लक्षात परतीच्या वाटेवर येते.

घाट मात्र कोणाचेच वेळापत्रक मानत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये रात्री कोकणाकडे निघालेल्या पुण्याच्या सहा तरुणांची मोटार ताम्हिणी घाटात दरीत कोसळली. सर्वजण मृत्युमुखी पडले आणि ड्रोनच्या साहाय्याने मोटार सापडेपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये याच घाटात वऱ्हाडाची खासगी बस उलटून पाच जणांचा बळी गेला. दिवसभर यंत्रावर उभा राहिलेला माणूस पहाटे तीन वाजता अनोळखी वळणांवर गाडी हाकतो, तेव्हा त्याचे कौशल्य कितीही असो, डोळा लागण्याचा धोका त्याच्या हाती राहत नाही. रस्ते वाहतुकीचे संशोधन आणि चालकांचे प्रशिक्षण करणारी 'सीआयआरटी' ही नामांकित संस्था नाशिक फाट्याजवळच आहे, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा! सहलीच्या खर्चात दुसऱ्या चालकाचा रोज धरण्याची पद्धत मात्र या परिसरात अद्याप फारशी रुजलेली नाही. रात्री घरी झोपून पहाटे पाचला निघाले, तरी दहाच्या सुमारास दिवेआगरला पोहोचता येते. गमावतात ते केवळ पहाटेचे काही तास.

दुसरा प्रश्न पाण्याचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जणांचा अंत झाला. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. मुरूडच्या घटनेनंतर शैक्षणिक सहलींवर निर्बंध आले आणि परवानगीचे सोपस्कार वाढले. परंतु कारखान्यातील मित्रमंडळींच्या सहलीला ना मुख्याध्यापक असतो, ना परवानगीचा अर्ज. तेथे जबाबदार कोण, याचे उत्तर 'सगळेच', म्हणजेच कोणीही नाही, असे मिळते.

वस्तुतः समुद्राचे वेळापत्रक कळण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. कोकणातील मच्छीमार पिढ्यान् पिढ्या एक ठोकताळा वापरत आले आहेत. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास भरती. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, तर पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या दरम्यान. त्यानंतर सुमारे सहा तास पाणी ओसरत राहते. जागेनुसार थोडाफार फरक पडतो, पण बेत आखण्यास एवढे पुरेसे आहे. कासारवाडीतील बहुतेक घरांच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिथी तिच्यावर छापलेली असते. तिच्याकडे संकष्टी केव्हा म्हणून पाहिले जाते. भरती केव्हा म्हणून पाहणारा विरळाच.

या हिशेबातून एक महत्त्वाची बाब निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि तितक्याच जोराने मागे जाते. त्या दिवशी दुपारी बारानंतर ओहोटी लागते. नेमकी हीच वेळ भरपेट जेवून, क्वचित 'घेऊन', पाण्यात उतरण्याची असते. चांदण्या रात्रीचा समुद्र पाहण्यासाठी पौर्णिमेचाच शनिवार निवडणाऱ्यांनी तर हे पक्के ध्यानात ठेवायला हवे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा हे आणखी एक उदाहरण. कड्याखालच्या खडकांवरून जाणारी ही वाट ओहोटीतच करायची असते. भरतीच्या लाटांनी तेथून माणसे ओढून नेली आहेत. स्थानिक पुजारी आणि दुकानदार हे सांगतात, फलकही लागलेले आहेत. तरीही छायाचित्राच्या मोहाने पुढे जाणारे असतातच.

आता जेवणाकडे वळू, कारण सहलीचा खरा जीव त्यातच असतो. कोकणातील खानावळ ही उडुपी हॉटेलासारखी केव्हाही जाऊन बसण्याची जागा नव्हे. बहुतेक ठिकाणी घरातील बाईच रांधते, सकाळी आलेल्या मासळीचा हिशेब करूनच माणसे धरते. दिवेआगरला उकडीचे मोदक हवे असतील, तर आदल्या दिवशी सांगावे लागते. मालवणकडे कोंबडी-वडे किंवा तिसऱ्यांचे सुके हवे असेल, तरी तोच शिरस्ता. पंधरा जणांचा जथा दुपारी अडीचला न सांगता दारात उभा राहिला, तर त्याला मिळते ती घाईघाईत तळलेली तुकडी आणि पाणी घातलेली सोलकढी. मग 'कोकणात लुटतात' ही तक्रार सुरू होते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला राज्यात बंदी असते. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई बर्फातील किंवा बाहेरून आणलेली असण्याचीच शक्यता अधिक. त्यावेळी खाडीची मासळी मागावी, नाहीतर सरळ बिरड्याची उसळ. गुरुवारच्या सुट्टीची तर वेगळीच गंमत आहे. किनारा मोकळा मिळतो, खोलीचे दर उतरलेले असतात आणि अनेकांच्या घरी त्या दिवशी मांसाहार वर्ज्य! गुरुवारकरांच्या वाट्याला मोदकच यावेत, हा दैवाचा न्याय म्हणायचा.

या घरगुती व्यवस्थेमागचे अर्थकारण पाहुण्यांना क्वचितच ठाऊक असते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती येण्यास पाच ते आठ वर्षे लागतात. मधल्या काळात ज्या घरांना दोन खोल्यांच्या भाड्याने आणि ताटांच्या पैशाने तारले, त्यांच्यासाठी शनिवारचा पाहुणा हा केवळ ग्राहक नाही. म्हणूनच वाळूत गाड्या घालणे, फुटक्या बाटल्या टाकणे, वाडीत मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धक लावणे या प्रकारांनी ही मंडळी संतापतात आणि तरीही उघड बोलताना कचरतात. पाहुणा दुखावला तर पुढचा शनिवार रिकामा जाईल, ही धास्ती त्यामागे असते.

रात्रीचा प्रश्न येथेच उभा राहतो. औद्योगिक पट्ट्यातील तरुणाच्या मनात किनाऱ्यावरची रात्र म्हणजे बागा-कळंगुट. तीच कल्पना घेऊन तो दिवेआगरला उतरतो आणि नऊ वाजता सामसूम झालेले गाव पाहून हिरमुसतो. राज्य सरकारने २०२० मध्ये बीच शॅक धोरण मंजूर केले. त्यात गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर, तारकर्ली, वरसोली, दिवेआगर, केळवा आणि बोर्डी हे आठ किनारे निवडण्यात आले आणि ८० टक्के रोजगार स्थानिकांना देण्याची अट घालण्यात आली. पण या कुट्यांची वेळ ठरली सकाळी सात ते सायंकाळी सात. म्हणजे कोकणाची अधिकृत रात्र सुरू होण्याआधीच संपते. मद्यासाठी राज्यात परवाना लागतो आणि कडक मद्याकरिता वयाची अट २५ वर्षांची आहे. या चौकटीत रात्र बसत नाही, म्हणून ती पिशवीतून किनाऱ्यावर नेली जाते. अंधार, मद्य, ओहोटी आणि जीवरक्षक नसलेला किनारा, असा हा योग जुळून येतो.

गोव्याची रात्र तरी निर्धोक आहे काय? ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील 'बर्च बाय रोमिओ लेन' या नाइट क्लबला आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतेक तेथे राबणारे कर्मचारी होते. बाहेर पडण्याच्या अरुंद वाटा आणि अग्निशमन बंब पोहोचू न शकणारा रस्ता यांची चर्चा नंतर झाली. दिखाऊ दिव्यांखाली शिरण्याआधी बाहेर जाण्याचा दुसरा दरवाजा कोठे आहे, हे पाहणे रसभंगाचे वाटले तरी आवश्यक आहे. शिवाय गोव्यात उघड्यावर मद्यपान केल्यास एकट्याला दोन हजार आणि गटाला दहा हजार रुपये दंड २०१९ च्या कायद्याने ठरवण्यात आला होता. तेथील स्वस्त बाटल्या परवान्याविना महाराष्ट्रात आणल्यास इन्सुली नाक्यावर उत्पादन शुल्क खाते स्वागताला असतेच. तथापि एका बाबतीत गोवा निःसंशय पुढे आहे. तेथे २००८ पासून प्रमुख किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे.

मेक्सिकोचे कान्कून हे शहर तेथील सरकारने १९७० च्या दशकात जवळजवळ कोऱ्या वाळूवर आराखडा आखून वसवले. निवास, भोजन, मद्य, वाद्यवृंद सारे एकाच छताखाली आणि किनाऱ्यावर हिरवे, पिवळे, लाल, काळे बावटे. भाषा येवो न येवो, पाण्यात उतरावे की नाही हे पाहुण्याला रंगावरून कळते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हाही मोठ्या आराखड्यांच्या घोषणा झाल्या. कान्कूनसारखी हॉटेलांची भिंत कोकणाला परवडणार नाही आणि शोभणारही नाही. बावटा आणि त्याखाली उभा राहणारा माणूस मात्र निश्चितच परवडेल. २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, पारनाका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांना 'ब्ल्यू फ्लॅग' मानांकन मिळाले. त्याच्या निकषांत जीवरक्षक व प्रथमोपचाराची तरतूद येते. म्हणजे इच्छा असेल तर हे जमते. उरलेल्या किनाऱ्यांवर बराचसा भार तुटपुंज्या साधनांच्या ग्रामपंचायतींवर आणि होडी घेऊन धावणाऱ्या स्थानिक मच्छीमारांवरच पडतो. वाहनतळाचे आणि प्रवेशाचे जे शुल्क अनेक ठिकाणी घेतले जाते, त्यातून जीवरक्षकाचे मानधन आधी बाजूला काढावे, एवढी मागणी पर्यटकांनीही करायला हरकत नाही.

कोकणाला स्वतःची रात्र नाही, हा समजही खरा नव्हे. कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या देवांच्या जत्रा सुरू होतात आणि मंदिराच्या आवारात दशावतार उभा राहतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशा जुन्या मंडळांची नावे तेथे आजही घराघरांत घेतली जातात. हार्मोनियम, मृदंग आणि झांजेच्या साथीने, लिखित संहितेवाचून, स्वतःच रंगलेले नट रात्री उशिरा सुरुवात करतात ते पहाटेपर्यंत. बाहेर खाजे, भजी आणि चहाची दुकाने. प्रवेश मोफत, वयाची अट नाही, परवानाही नको. तारकर्लीला मुक्काम असेल, तर आसपासच्या कोणत्या गावी जत्रा आहे, हे खोलीच्या मालकाला विचारले की तो बहुधा स्वतःच सोबत निघतो. अट एवढीच की रात्रभर जागणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपावे आणि परतीचा प्रवास त्यापुढे धरावा. त्यासाठी सुट्टी एक नव्हे, दोन दिवसांची लागेल. चाकण-भोसरीच्या पाळीपत्रकात ती कशी मिळवायची, हा प्रश्न पर्यवेक्षकाकडे आठवडाभर आधी न्यायला हवा.