दोन पट्टे, दोन दांडे



विज्ञान मंडळासाठी पट्ट्यावर चालणाऱ्या रोबोचे तयार संच विकत घ्यावेत, असा प्रस्ताव माननीय विश्वस्तांपुढे आहे. हेतू उत्तम आहे. तरी माझे मत थोडे निराळे आहे.

रस्ते खोदणारी पोकलेन मुलांनी पाहिलीच आहे. तिला स्टिअरिंगचे चाक नसते. दोन पट्ट्यांचे दोन दांडे असतात. दोन्ही सारखे पुढे ढकलले की ती सरळ जाते. एकच ढकलला की थांबलेल्या पट्ट्याभोवती वळते. एक पुढे, एक मागे केला की जागच्या जागी फिरते. चांद्रयान-३ चा प्रज्ञान २०२३ मध्ये चंद्रावर चालला, तोही दोन्ही बाजूंच्या चाकांच्या वेगातील फरकानेच वळे.

तयार संचात एकच दांडी असते. डाव्या-उजव्या मोटारींचा हिशेब आतला कंट्रोलर परस्पर करतो. वेग ६०, वळण २० असेल तर डावी मोटार ८०, उजवी ४०. पण वेग १०० असताना? डावीला १२० हवेत, मिळतात १००; उजवी ८०. म्हणजे फरक ४० ऐवजी २० च उरला आणि गाडी भरवेगात नीट वळत नाही. ज्याने हा हिशेब कधी केला नाही, तो बॅटरीला दोष देतो.

गेल्या प्रदर्शनात आपला रोबो सतरंजीवर अडला, मोटारीचे सर्किट जळले, आणि काही पालक नाराज झाले. चूक आमचीच होती. गाडी लांबोडकी व अरुंद होती. वळताना पट्टे आडवे घसटतात. जमिनीला टेकलेली लांबी दोन पट्ट्यांमधील अंतराच्या मानाने जितकी जास्त, तितके ते घर्षण भारी पडते. (टॉर्कला आम्ही हिंदी माध्यमात ‘बल आघूर्ण’ म्हणत असू. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले, पण ते हाताला जाणवले ते या सतरंजीवर!) मुलांनी नंतर पट्टे आखूड केले, अंतर वाढवले, आणि तीच मोटार त्याच सतरंजीवर सहज वळू लागली.

म्हणून विश्वस्त मंडळास विनंती आहे की, या वर्षी संचांऐवजी सुट्या मोटारी, पट्टे व दोन दांड्यांचे साधे रिमोट घ्यावेत. आठवीच्या मुलांनी आधी दोन्ही हातांनी गाडी चालवावी, मग वरचा हिशेब स्वतः लिहून एक दांडी बसवावी. दोन-चार सर्किटे जळतील, त्यांची तरतूद अंदाजपत्रकात आताच करून ठेवावी.