नवरा पाहुणा येतो तेव्हा

मैत्रिणींनो, या आठवड्याचं पत्र थेट लंडनहून आलं आहे. लिहिणारी आपलीच एक वाचक, मूळची मिरजेची. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर तिने हट्टाने एक वर्षाच्या एम.एससी.ला प्रवेश घेतला आणि गेल्या सप्टेंबरपासून ती तिकडे आहे. मिस्टर सहकारी बँकेत. त्यांना जूनमध्ये पंधरा दिवसांची रजा मिळते आहे. ‘हे पहिल्यांदाच परदेशी येताहेत. यांना काय काय दाखवू त्याची यादी द्या. शिवाय माझा प्रबंध अर्धा राहिलाय, तोही लिहायचाय,’ असं ती म्हणते. आणि पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर, बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘रोज फोनवर बोलतो, पण हल्ली जेवलात का, झोपलात का, याच्यापुढे गाडी सरकत नाही.’

विचारलंय स्थळांबद्दल, पण दुखणं आहे ते या शेवटच्या ओळीत. तेव्हा दोन्हींचं उत्तर एकत्रच देते.

तुम्ही म्हणाल, आपल्यापैकी लंडनला जाणार किती जणी? अहो, आज कुणाची सून तिकडे शिकते आहे, कुणाची भाची, कुणाचे ‘हे’च गेलेत. आणि पूर्वी विद्यार्थ्याला जोडीदार बरोबर नेता येई, तसं आता राहिलेलं नाही. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने नियम बदलला. संशोधनाचे अभ्यासक्रम किंवा सरकारी शिष्यवृत्ती असे अपवाद सोडले, तर पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्याला नवरा-बायकोला सोबत ठेवता येत नाही. म्हणजे भेट व्हायची ती पाहुण्याच्या व्हिसावर आणि रजेच्या मोजक्या दिवसांत. ते दिवस कसे घालवायचे, हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे.

पहिली गोष्ट, यादी आखूड करा. पंधरा दिवसांत चाळीस ठिकाणं पाहणारी जोडपी घरी परततात ती सुजलेले पाय आणि फोटो घेऊन. रोज एक ठिकाण, फार तर दोन. तिकिटाची महागडी ठिकाणं, म्हणजे टॉवर ऑफ लंडन, लंडन आय वगैरे, यांतली एक-दोनच निवडा आणि त्यांची तिकिटं आधी काढून ठेवा. बाकी लंडनमध्ये फुकट पाहण्यासारखं इतकं आहे, की पंधरा दिवस पुरायचे नाहीत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम या सगळ्यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानाचा तो लाकडी वाघ आहे, गोऱ्या सोजिराच्या उरावर बसलेला. पुरुषमंडळी त्याच्यापुढून हलत नाहीत, बरं का!

आता अभ्यासाचं. प्रबंध बाजूला ठेवून पंधरा दिवस हिंडायचं, असं अजिबात करू नका. मनाला टोचणी राहते आणि ती निघते नवऱ्यावर. जून महिना तुमच्या बाजूचा आहे. तिकडे त्या दिवसांत सूर्य मावळतो रात्री नऊनंतर. सकाळी दहा ते चार लायब्ररीत बसलात, तरी हातात पाच तासांचा लख्ख उजेड उरतो. डिसेंबरात हेच करू गेलात, तर चारच्या आत अंधार. शुक्रवारी ही मोठी संग्रहालयं उशिरापर्यंत उघडी असतात. ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट तर दहापर्यंत. शुक्रवार त्यांच्यासाठी राखून ठेवा. आणि ही दहा ते चारची गोष्ट ‘ह्यां’ना तिकीट काढण्याआधी फोनवर सांगा. विमानातून उतरल्यावर सांगितलीत, तर तो रुसवा दोन दिवस पुरेल.

त्याच फोनमध्ये राहण्याचंही ठरवा. बऱ्याच विद्यार्थी-वसतिगृहांत पाहुण्याला दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त राहू देत नाहीत. ऑफिसात आधी विचारा. परवानगी नसेल, तर जवळपास एखादी खोली आधीच पाहून ठेवा.

मग दहा ते चार त्यांनी करायचं काय? इथेच खरी गंमत आहे. आपल्याकडे कसं असतं, स्कूटर ते चालवतात, आपण मागे बसतो. रस्ता त्यांना ठाऊक, पैसे त्यांच्या खिशात. लंडनला पोहोचल्यावर सगळं उलटं. गाडी कुठली, फाटक कुठलं, दुकानदार काय बोलला, सगळं बायकोला विचारायचं. चांगल्या स्वभावाचा माणूसही तिसऱ्या दिवशी चिडचिडा होतो, आणि का ते त्यालाच कळत नाही. यावर उपाय एकच. पहिले दोन दिवस त्यांना बरोबर घेऊन हिंडा आणि वाहनांची रीत शिकवा. तिथल्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचं. प्रत्येकाला आपलं वेगळं कार्ड लागतं, एकावर दोघांना जाता येत नाही. आपल्याकडचं बँकेचं कार्ड चालेना किंवा त्यावर भुर्दंड पडत असेल, तर स्टेशनावर ऑयस्टर कार्ड घ्या. भुयारी रेल्वेत आत जाताना टेकवलेलं तेच कार्ड बाहेर पडतानाही टेकवायचं, नाहीतर जास्त पैसे कापतात. बसचं मात्र एकदाच, चढताना. आणि पहिल्या बसपासून तासाभरात दुसरी बस पकडली, तर तिचे पैसे पडत नाहीत. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची.

एवढं आलं की तिसऱ्या दिवसापासून त्यांना एकटं सोडा. चुकतील, विचारतील, पोहोचतील. संध्याकाळी भेटल्यावर त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असेल, जे तुम्हाला माहीत नाही. फोनवरचं ‘जेवलात का’ संपलं ते याचसाठी, की दोघांकडेही नवं सांगायला काही उरलं नव्हतं. एक दिवस तर सगळा त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही नुसतं मागून जा. ठिकाण तुमचं पाहिलेलं असलं, तरी ‘मी पाहिलंय’ हे शब्द तोंडातून काढू नका.

आता यादीत सगळ्यांत वर काय घालायचं ते सांगते. बिग बेन नव्हे, तुमचं लंडन. लायब्ररीतली तुमची खुर्ची. थंडीत जिथे बसची वाट पाहत उभ्या राहत होतात तो थांबा. कोथिंबीर कुठे स्वस्त मिळते ते दुकान. पहिल्या निबंधाला कमी गुण पडले, तेव्हा जिथे बसून रडलात तो बाक. ही जागा कुठल्याही पुस्तकात नाही, आणि तुम्ही फोनवरही सांगितली नसेल, उगाच काळजी नको म्हणून. ती दाखवा. मग त्यांनाही विचारा, तुम्ही एकट्याने वर्ष कसं काढलंत? रिकाम्या घरात कुलूप उघडून शिरताना काय वाटायचं? पुरुष समोरासमोर बसून असलं सांगत नाहीत. शेजारी शेजारी चालताना सांगतात. त्यासाठी थेम्सच्या दक्षिण काठाची वाट उत्तम. वेस्टमिन्स्टर ब्रिजपासून टॉवर ब्रिजपर्यंत चार-पाच किलोमीटर, नदी सतत डाव्या हाताला. वाटेत टेट मॉडर्न लागतं, तेही फुकट. बसायला बाकही भरपूर.

आणखी एक घर मुद्दाम पाहा. प्रिमरोज हिल ही लहानशी टेकडी, तिच्यावरून सगळं शहर दिसतं. तिच्याजवळच किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर आहे. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ साली तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. जाण्याआधी उघडं असल्याची खात्री करा. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेल्या पैशांवर त्यांनी पुन्हा लंडन गाठलं होतं. इकडे रमाबाई मुंबईत ओढगस्तीने संसार ओढत होत्या. १९३५ साली त्या गेल्या. ज्या शहरासाठी त्यांनी एवढं सोसलं, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. शिकणाऱ्याच्या मागे घर सांभाळणारं कुणीतरी असतं. तुमच्या बाबतीत ते ‘हे’ आहेत. त्या घरासमोर उभं राहून त्यांना तेवढं एकदा बोलून दाखवा. आपण बायका हे गृहीत धरलं जाण्याचं दुःख चांगलं जाणतो, मग आपणही गृहीत धरू नये.

खर्चाविषयी थोडं. प्रत्येक कॉफीला पौंडाचे रुपये करत बसलात, तर कॉफी कडू लागेल. सुरुवातीलाच दोघांनी बसून एक आकडा ठरवा, त्याला पंधराने भागा, आणि रोजचे तेवढेच खर्च करा. गुणाकार एकदाच करायचा. दुपारचा डबा खोलीवरून न्यावा, पण तो करण्याची पाळी एक दिवस तुमची, एक दिवस त्यांची. पंधरा दिवसांचं लंडन पोळपाटापाशी घालवण्यात शहाणपण नाही. लंडनबाहेर केंब्रिज, ऑक्सफर्ड, बाथ अशा दोन-तीन फेऱ्या रेल्वेने करणार असाल, तर ‘टू टुगेदर’ नावाचं सवलतीचं कार्ड मिळतं. दोघांची नावं आणि फोटो त्यावर असतात आणि तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. अट एवढीच, की दोघांनी बरोबरच प्रवास करायचा! सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत मात्र ते चालत नाही. कार्डाची किंमत आणि वाचणारे पैसे यांचा हिशेब करा. बँकेतल्या माणसाला तेवढंच काम.

जाता जाता सासूबाईंसाठी निरोप. सुनेच्या आवडीचं म्हणून साजूक तूप, पेढे, खवा मुलाच्या बॅगेत भरू नका. भारतातून ब्रिटनमध्ये दूधदुभत्याचे पदार्थ आणि मांस नेऊ देत नाहीत. विमानतळावर सगळं काढून घेतील. मेतकूट द्या, गोडा मसाला द्या, आणि घरच्या चार बातम्या लेकाला नीट पाठ करून पाठवा. तिला त्याचीच भूक जास्त असेल.