घास कोणाच्या नावाचा?

आपल्याकडे लहान मुलाला भरवण्याचा जो विधी आहे, त्यातली एक गंमत कधी कोणाच्या ध्यानात आली आहे की नाही, न कळे. पहिला घास चिऊचा असतो, दुसरा काऊचा, तिसरा माऊचा. मग मामा येतो, आत्या येते, आजोबा येतात, आणि घरातली माणसे संपली की गल्लीतला दूधवालासुद्धा एक घास घेऊन जातो. साऱ्या सृष्टीच्या नावाने घास निघतात; मात्र ज्याच्या तोंडात ते जायचे, त्या पोराच्या नावाचा एकही नसतो! आणि का असावा? त्याचे जेवण केव्हाच आटोपलेले असते. मामा-आत्यांची पाळी येते ती पोराचे पोट भरल्यानंतरच.

हे मी बाहेरून पाहून बोलत नाही. या विधीची मी जुनी पुरोहित आहे. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण मराठीत आली कोठून, असे मला कोणी विचारलेच, तर ती एखाद्या आईच्या मांडीवरून आली असे मी शपथेवर सांगेन.

१९८४ सालची गोष्ट. माझा थोरला दीड वर्षाचा होता. त्याला मांडीवर आडवा घेतलेला, सासूबाईंनी त्याचे हात धरलेले, मी डाव्या हाताने नाक दाबते आहे आणि उजव्या हाताने दूध-पोळीचा काला तोंडात घालते आहे. तो रडत होता, आणि रडताना मोठा श्वास घ्यावा लागतो ही साधी गोष्ट आम्हां दोघींच्या ध्यानात नव्हती. घास भलतीकडे गेला. रडणे एकदम थांबले. चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. सासूबाईंनी त्याला झटकन उपडे करून पाठीवर थापट्या मारल्या आणि घास बाहेर पडला. फार तर अर्धे मिनिट गेले असेल. त्या अर्ध्या मिनिटाने मी पुढे कितीदा रात्री दचकून उठले आहे! परंतु खरी लाज वाटते ती त्याच्या पुढच्या गोष्टीची. तो शांत झाल्यावर आम्ही काय केले? वाटीत उरलेला काला पुन्हा कालवला आणि भरवला. कारण वाटी संपायची होती.

तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. सगळे खातो, पण दूध-पोळीची वाटी दिसली की अजून खिडकीबाहेर बघू लागतो.

आता त्याची मुलगी दोन वर्षांची आहे, आणि गेल्या वर्षी तेच महाभारत आमच्या घरी पुन्हा सुरू झाले. फरक इतकाच, की चिऊ-काऊंच्या जागी मोबाईल आला. पडद्यावर चित्रे नाचताहेत, नातीचे डोळे विस्फारलेले, तोंड उघडे. आणि त्या उघड्या तोंडात मी वरणभात लोटते आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून ठेवले आहे की वर्षाच्या मुलाला पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. पण माझी तक्रार डोळ्यांसाठी नाही, पोटासाठी आहे. चिऊच्या घासात निदान पोराला आपण जेवतो आहोत एवढे तरी कळत होते. पडद्यापुढे तेही कळत नाही. पोट ‘पुरे’ म्हणते ते ऐकायला आत कोणी हजरच नसते!

एके दिवशी सूनबाईंनी शांतपणे माझ्या हातातून वाटी घेतली. “आई, तिला भूक नाही,” म्हणाल्या. मला राग आला. आठ दिवस मी घुश्श्यात होते. चाळीस वर्षांच्या अनुभवाला हे शिकवणार! शेवटी माझी समजूत कोणी घातली म्हणाल, तर त्रैराशिकाने. जन्माच्या वेळी मूल सुमारे तीन किलोचे असते आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण तिप्पट होते, म्हणजे नऊ किलो. आपली खात्री अशी की आता हा वेग असाच राहावा. राहिला, तर दुसऱ्या वाढदिवसाला मूल सत्तावीस किलोचे होईल आणि तिसऱ्याला एक्क्याऐंशी! परमेश्वराला गणित आपल्यापेक्षा बरे येत असावे. दुसऱ्या वर्षभरात मूल जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढ मंदावली की भूक मंदावणारच. ज्या वयात आपण “मेलं काही खातच नाही” म्हणून कपाळाला हात लावतो, ते नेमके हेच वय. म्हणजे पोराचे काही चुकलेले नसते. चुकलेला असतो तो आपला अंदाज.

“मग काय मोकळे सोडायचे? उपाशी मरेल की!” हा प्रश्न मला सोसायटीतल्या निदान सहा आज्यांनी विचारला आहे. त्याचे उत्तर शंभर वर्षांमागे शिकागोच्या क्लारा डेव्हिस या डॉक्टरीणबाईंनी देऊन ठेवले आहे. नुकतीच दुधावरून अन्नावर येऊ घातलेली पंधरा मुले त्यांनी कित्येक वर्षे निरखली. एकूण चौतीस प्रकारचे साधे अन्न: फळे, भाज्या, धान्ये, दूध, अंडी, मांस. मुलासमोर वाडगे मांडलेले, शेजारी दाई चमचा घेऊन बसलेली. पण तिला सक्त ताकीद, की मूल हात पुढे करीपर्यंत चमचा हलवायचा नाही आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. (ही ताकीद आपल्याकडच्या कोणा मावशीला देऊन पाहावी!) मुलांनी वाटेल तसे खाल्ले. कोणी सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी, कोणी रात्री नुसती अंडी, केळी आणि दूध. एका वेळचे जेवण पाहिले तर कोणतीही आई भोवळ येऊन पडावी. पण १९३९ साली बाईंनी हिशेब मांडला तेव्हा सगळी मुले धडधाकट निघाली होती.

आता हे वाचून कोणी पोरापुढे फराळाचे डबे उघडे टाकू नयेत. डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितले आहे की खरी मेख होती त्या चौतीस पदार्थांच्या यादीत. तीत साखर नव्हती, मैदा नव्हता. ताटात काय यावे हे मोठ्यांनी ठरवले होते. त्यातले किती खावे हे मुलांनी. पुढे १९८० नंतर एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञबाईंनी हीच वाटणी नीट घालून दिली. काय, केव्हा आणि कोठे हे आईबापांचे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाचे.

आपण काय करतो? बरोबर उलटे! आपले काम मुलावर सोपवतो आणि मुलाचे आपण करतो. अकरा वाजता बिस्किट मागितले, दिले. साडेअकराला रडली, चकली दिली. बारा वाजता दुधाची बाटली. मग साडेबाराला भात पुढे करून “हिला भूकच लागत नाही हो!” असा टाहो. त्यातही ‘निदान दूध तरी प्यायली’ हे जे आपले समाधान आहे, ते सर्वांत फसवे. दुधात लोह नसल्यातच जमा. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पोटात गेले की जेवणाला जागा उरत नाही आणि रक्त पातळ होत जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. ही सगळीच काही गरिबांची नव्हेत. आणि भूक वाढावी म्हणून जी औषधे मागून आणली जातात, त्यांतली काही मुळात ॲलर्जीवरची, गुंगी आणणारी. पोर जेवत नाही म्हणून त्याला पेंगुळवायचे, हा कुठला न्याय?

माझे भांडण भरल्या ताटाच्या घरांशी आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्याच पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. ज्या घरी ताटच रिकामे, तिथे ‘किती खावे ते मुलाला ठरवू द्या’ हा उपदेश म्हणजे क्रूर थट्टा होईल. तिथे डाळ हवी, अंडे हवे, अंगणवाडी चालू हवी. तसेच ज्या मुलाचे वजन महिनोन् महिने हलत नाही किंवा घटते, जे गिळताना ठसकते, मलूल पडून राहते, त्याला थेट डॉक्टरांकडे न्यावे. माझ्या लेखाकडे नव्हे.

बाकी पोरांना मात्र सोडा. उष्टावणाच्या दिवशी काही घरांत मुलापुढे पुस्तक, नाणे, शस्त्र, वस्त्र मांडतात आणि ते कशाला हात घालते ते कौतुकाने पाहतात. सहा महिन्यांच्या जिवाला जन्माचा धंदा निवडायची मुभा, आणि दोन वर्षांच्या जिवाला दुधी भोपळ्याच्या फोडीला नाही म्हणायची नाही! बरे, आज नाही म्हटले म्हणजे कायमचे नाही, असेही नव्हे. नवी चव आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पानात येऊन जावी लागते. आपण तिसऱ्या वेळी हात टेकतो किंवा नाक दाबतो.

या दिवाळीत पाहुणे येतील आणि उंबऱ्यातच म्हणतील, “अगंबाई, किती रोडावली!” त्यांना फराळ द्यावा आणि विषय बदलावा. मी हे शिकले आहे, पण हात अजून शिकलेला नाही. नात दोन घास खाऊन उठली की माझी बोटे आपोआप वाटीकडे वळतात. हल्ली मी जेवताना डावा हात पदराखाली ठेवते.

परवा दुपारी तिने भाताला बोटही लावले नाही. लिंबाची फोड चोखली आणि पाटावरून उठून गेली. मी वाटी उचलून ठेवली, मागोमाग गेले नाही. मधे तिने बिस्किट मागितले, मिळाले नाही; थोडी रडली. संध्याकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात आली, माझा पदर ओढला आणि म्हणाली, “आजी, मम्मं.” कुकर व्हायचा होता. दहा मिनिटे तिला थांबावे लागले, आणि ती थांबली.